गच्चीवरची प्रयोगशाळा : पेशी आणि जीवरसायनाचे घरगुती प्रयोग, बडोद्यातल्या एका सुट्टीच्या नोंदी

३ मे

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवरची अडगळीची खोली आज रिकामी केली. सुट्टीभर पाच मुलांना पेशी आणि जीवरसायनाचे प्रयोग स्वतःच्या हातांनी करायला द्यायचे, असं ठरलं आहे. माझी भाची अकरावीत जाणार. तिची एक मैत्रीण, गल्लीतले नववीतले जुळे भाऊ, आणि त्यांच्यामागे हट्टानं आलेली त्यांची सातवीतली बहीण. मी जीवरसायनात बी.एस्सी. केलं ते इथल्याच विद्यापीठातून, पण पुढची सगळी वर्षं बँकेत गेली. म्हणून या नोंदी. ज्याला कुणाला घरी हे करायचं असेल त्याचे माझ्यासारखे दिवस वाया जाऊ नयेत.

घरी सगळी मुलं मराठी बोलतात, शाळेची भाषा मात्र प्रत्येकाची वेगळी. मी पेशी म्हणते, जुळे कोष म्हणतात, भाची सेल म्हणते. मराठी पुस्तकातली तंतुकणिका (माइटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) जुळ्यांच्या गुजराती पुस्तकात कणाभसूत्र होते. आपलं विकर (एन्झाइम) त्यांचं उत्सेचक. पहिला अर्धा तास याच गोंधळात गेला. शेवटी भिंतीवर मोठा कागद लावून तीन रकाने आखले. नियम एकच केला : वस्तू डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिचं नाव कागदावर लिहायचं नाही.

४ मे

सूक्ष्मदर्शक जुना घेतला, २,८०० रुपयांना. ४, १० आणि ४० पटींची भिंगं, वर १० पटींचं नेत्रभिंग. दुकानात १० पटीचं भिंग लावून बघितलं, छान दिसलं, पैसे देऊन आले. घरी आल्यावर ४० पटीचं लावलं तर नुसतं धुकं. समोरच्या काचेवर जुन्या तेलाचा थर वाळून बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिंगाचा कागद जेमतेम ओला करून, मधून बाहेर असं गोल फिरवत पुसलं. चौथ्या खेपेला स्वच्छ झालं. दीड दिवस गेला. जुना सूक्ष्मदर्शक घेताना प्रत्येक भिंग फिरवून, काचपट्टी लावून, तिथल्या तिथे बघा.

याला खाली आरसा आहे. आरशात थेट सूर्य कधीही घ्यायचा नाही, डोळ्याचा पडदा जळतो. मी आरसा काढून खाली छोटा एलईडी दिवा आणि त्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवला. उजेड एकसारखा मिळतो, आणि उघड्या गच्चीवर मुलं आरसा कुठे वळवतील ही धास्ती राहत नाही.

बाकी खरेदी : काचपट्ट्या १२०, कव्हरस्लिप ९०, लुगॉलचं आयोडीन १४०, परीक्षानळ्या १८०, तापमापक १५०, पाच चष्मे ३००. मिथिलीन ब्लू मासे विकणाऱ्याकडे मिळालं, ४५ रुपये. माशांच्या औषधासाठी ते ठेवतातच.

६ मे

कांदा. खंडेराव मार्केटात 'डुंगळी' म्हणून मागितली आणि पांढरा कांदा घेतला, म्हटलं सोललेला पापुद्रा स्वच्छ दिसेल. पापुद्रा पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यायचा. नखानं चीर दिली की चिमट्यानं अलगद सुटतो. त्यावर एक थेंब आयोडीन, मग कव्हरस्लिप.

पाचही जणांची चित्रं बघितली. पाचपैकी तिघांनी काळ्या जाड कडेची गोल वर्तुळं काढून त्यांना 'केंद्रक' असं नाव दिलं होतं. ते हवेचे बुडबुडे. कव्हरस्लिप वरून आडवी टाकली की हवा अडकते. एक कड पाण्याला टेकवून, दुसरी सुईवर पेलून हळूहळू खाली सोडायची. हे मी आधी करून दाखवायला हवं होतं, नुसतं सांगून भागत नाही.

भाचीच्या चित्रात तंतुकणिकाही होत्या, आत घड्या घातलेल्या, पुस्तकात असतात तशा हुबेहूब. मी विचारलं, कुठे दिसली? म्हणाली, "मावशी, असतातच की त्या." असतात, पण या सूक्ष्मदर्शकात, न रंगवता, त्या दिसत नाहीत. आतल्या घड्या तर साध्या उजेडाच्या सूक्ष्मदर्शकात कुणालाच दिसत नाहीत. पुस्तक मिटून ठेवलं आणि सगळ्यांना चित्र पुन्हा काढायला लावलं. दुसरी चित्रं ओबडधोबड आली. विटांसारख्या लांबट पेशी, बहुतेकींच्या कडेला सरकलेलं पिवळसर केंद्रक, काहींत केंद्रक दिसतच नाही. पण ती त्यांनी बघून काढलेली होती. वहीत तीच ठेवली. पहिली फाडू दिली नाहीत, शेजारी चिकटवली.

लहानीनं विचारलं, कांदा झाडाचा भाग आहे तर यात हिरवं का नाही? जमिनीखाली, उजेडाशिवाय वाढलेल्या पाकळीत हरितलवक कशाला असतील, हे तिनं स्वतःच पुढच्या वाक्यात सांगितलं.

७ मे

आज मोजमाप. ४ पटीच्या भिंगाखाली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी ठेवली, दृश्याचा व्यास साडेचार मिलिमीटर भरला. १० पटीला तो अडीच पट कमी, म्हणजे १.८ मिलिमीटर. त्यात कांद्याच्या सहा पेशी लांबीनं बसल्या, म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर. जुळ्यांपैकी धाकट्यानं पट्टीवर ०.३ मिलिमीटर कुठे येतं ते शोधलं आणि मग नुसत्या डोळ्यांनी पापुद्रा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. मी मध्ये बोलले नाही.

९ मे

मिठाच्या पाण्यात पेशी आकसते ते बघायचं होतं. पांढऱ्या कांद्यावर दोन तास घालवले. रंगच नाही, तर आतला भाग भिंतीपासून सुटला हे दिसणार कसं? मुलं हो हो म्हणत होती, कारण मी विचारत होते. ते हो मला आवडलं नाही, प्रयोग थांबवला.

दुपारनंतर लाल कांदा आणला. यात पापुद्रा बाहेरच्या, फुगीर बाजूचा घ्यायचा, जांभळा रंग तिथल्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो. ५ टक्के मिठाचं पाणी कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडलं, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घेतलं. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागला आणि पेशीच्या मध्ये गोळा झाला. भिंत जागच्या जागी. साधं पाणी ओढलं की तो परत पसरून भिंतीला टेकतो. थोरल्या जुळ्यानं उत्साहानं मीठ तिप्पट केलं. आकसणं झटकन झालं, पण पाणी घातल्यावर पेशी परत आल्या नाहीत. मेल्या होत्या. ते चित्रही वहीत घेतलं.

१० मे

दुपारी साडेतीनला खोलीत तापमापक ४१ वर. मुलांचे चेहरे लाल झालेले. आजपासून वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. जे काही दुपारी करायचं ते खाली, स्वयंपाकघरात.

१२ मे

गालाच्या आतल्या पेशी. प्रत्येकाची स्वतःची टूथपिक, बोथट बाजूनं हलकेच फिरवायची, दुसऱ्याची वापरायची नाही, काम झालं की उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकायची. काचपट्ट्याही तिथेच.

माशांच्या दुकानातलं मिथिलीन ब्लू फार दाट निघालं, पहिल्या तीन काचपट्ट्या नुसत्या निळ्या शाईच्या. एका थेंबाला २० थेंब पाणी केल्यावर बेताचं झालं. मग पेशी दिसल्या : पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या, मध्ये गडद निळा ठिपका. कांद्यासारख्या रांगेत नाहीत, कारण भिंत नाही.

धाकट्याच्या काचपट्टीत पेशींच्या जोडीला काहीतरी खडबडीत तुकडे होते. तो म्हणाला, माझ्या पेशी वेगळ्या आहेत. कडेनं आयोडीनचा थेंब सोडला तर तुकडे निळे-काळे झाले. सकाळी लीलो चिवडो खाऊन आला होता, त्यातला बटाटा. आता चूळ भरूनच काचपट्टी. पण त्यामुळे एक चांगलं झालं. आयोडीन स्टार्च शोधून काढतं, हे मी सांगायच्या आधी त्याला त्याच्याच तोंडात सापडलं.

१४ मे

बटाटा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात '२० व्हॉल्यूम' म्हणून मिळतं ते ६ टक्क्यांचं, मी निम्मं पाणी घालून ३ करते. हातमोजे आणि चष्मा घालायचाच, ६ टक्क्यांचं बोटाला लागलं की कातडी पांढरी पडून चरचरते.

घरातली जुनी बाटली वापरली. किसलेल्या बटाट्यावर ओतलं, चार-दोन बुडबुडे, बस. मला वाटलं बटाटा खराब. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तासाभरानं भाची म्हणाली, बाटलीच खराब असेल. नवीन आणली, ३० रुपये. फेस पेल्याच्या वर आला. पेरॉक्साइड उन्हाळ्यात, उजेडात, आपणहूनच फुटत राहतं. दोन उन्हाळे कपाटात काढलेल्या बाटलीत जवळपास पाणीच उरलं होतं.

उकडलेल्या बटाट्यावर काहीच नाही. फेस बसल्यावर त्याच कच्च्या किसावर पुन्हा पेरॉक्साइड ओतलं तर पुन्हा फेस. लहानीनं हे सात वेळा केलं. बटाट्यातलं पेरॉक्साइड फोडणारं विकर, कॅटलेज, संपत का नाही, हा प्रश्न तिच्या तोंडून आला तेव्हा विकराची व्याख्या द्यायची गरजच उरली नाही.

निघणारा वायू प्राणवायू आहे हे दाखवायला विझत आलेली उदबत्ती आत धरली. फेसात बुडून विझली, दोनदा. मग मोठ्या तोंडाची बाटली आणि थोडंच पेरॉक्साइड घेतलं, उदबत्ती फेसाच्या वर ठेवली. टोक लखलखलं. मुलांनी अर्धा पुडा संपवला.

१६, १७ आणि १८ मे

या तीन दिवसांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त मिळालंही इथेच.

लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्च फोडतं, हा प्रयोग. आरारूट १ ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, ढवळत उकळून गार केलेलं. पहिल्या दिवशी लाळ तशीच घातली. पहिला थेंब बशीतल्या आयोडीनवर टाकेपर्यंत स्टार्च संपलेलं. घड्याळ लावायला वेळच मिळाला नाही. लाळेत दहापट पाणी घातलं, आता ५ मिलिलिटर स्टार्चला १ मिलिलिटर. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत आयोडीनचे थेंब रांगेनं मांडायचे आणि दर अर्ध्या मिनिटाला नळीतला एक थेंब पुढच्या ठिपक्यावर. निळा, निळा, जांभळा, मग तांबूस, मग नुसता आयोडीनचा पिवळा. मधला तांबूस रंग स्टार्चच्या अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचा, पुस्तकात तो बहुधा सांगत नाहीत. बशीवर मात्र आख्खी गोष्ट ओळीनं उमटलेली दिसते. बर्फात ठेवलेली नळी पंधरा मिनिटांनीही निळीच. बाहेर काढून हातात धरली तर तीही हळूहळू पिवळी झाली. खोलीत सकाळीच ३४ अंश होते, वेगळ्या गरम पाण्याची गरज पडली नाही.

पाच जणांच्या लाळेला वेगवेगळा वेळ लागला. भाचीची ३ मिनिटांत, तिच्या मैत्रिणीची ९. मैत्रिणीला वाईट वाटलं. तिला समजावून सांगितलं की या विकराचं जनुक माणसामाणसात कमी-जास्त प्रतींत असतं, शिवाय त्या वेळी तोंडाला किती पाणी सुटलं होतं त्यावरही ठरतं. यात उणं काही नाही.

मग उकळलेली लाळ. ती काम करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाळेची नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवली, स्टार्च घातलं, नळी तशीच त्या गरम पातेल्यात राहू दिली. या वेळी बशी भरली होती म्हणून आयोडीन सरळ नळीतच टाकलं. निळं व्हायला हवं होतं. फिकट पिवळं झालं.

मुलं म्हणाली, उकळली तरी चालते! मी म्हटलं, नीट उकळली नसेल. दहा मिनिटं उकळली. पुन्हा पिवळं. वीस मिनिटं उकळली. पुन्हा तेच. १७ तारखेची सकाळ आणि संध्याकाळ यात गेली. रात्री मी अंथरुणात पडून विचार करत होते की लाळेत उष्णता सोसणारं दुसरं काहीतरी आहे का. मुलांना आपण उद्या काय सांगणार, ही खरी काळजी होती. मला त्यांच्यासमोर पुस्तकाचं उत्तर रेटायचं नव्हतं.

१८ला सकाळी नळ्या धुवायला घेतल्या. स्टँडमधल्या, रात्री बूच लावून ठेवलेल्या उकळलेल्या लाळेच्या तिन्ही नळ्या गडद निळ्या!

मुलं येईपर्यंत थांबले. एक नळी त्यांच्यासमोर गरम पाण्यात धरली, निळा रंग वितळल्यासारखा गेला. माठाच्या पाण्यात धरली, परत आला. धाकट्यानं नळी माझ्या हातातून घेऊन चार वेळा केलं. स्टार्चची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसतं म्हणून निळं दिसतं. तापवलं की गुंडाळी सैल पडते, आयोडीन सुटतं, रंग जातो. म्हणजे दोन दिवस आम्ही लाळ तपासत नव्हतोच, गरम पाणी तपासत होतो.

मग भाचीला सांगितलं, नुसतं स्टार्च घे, लाळेचा थेंबही नको, आणि त्याच गरम पातेल्यात ठेवून आयोडीन टाक. तेही पिवळं. ही नळी पहिल्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत ठेवली असती तर दोन दिवस वाचले असते. तिला आम्ही 'तुलनेची नळी' नाव दिलं. यापुढे तिच्याशिवाय प्रयोगाला हात लावायचा नाही, हे दारावर खडूनं लिहिलं.

२० मे

बेनेडिक्टचं द्रावण, २२० रुपये. हे निळं असतं, ग्लुकोजसारखी साधी साखर असेल तर तापवल्यावर विटकरी होतं, नेहमीच्या साखरेनं होत नाही. काल फोडलेलं स्टार्च घालून उकळत्या पाण्यात ठेवलं, हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी. मध विटकरी. गूळ विटकरी. साखर निळीच राहिली, हे बरोबर. नुसतं पाणी निळं, ती तुलनेची नळी.

मैत्रिणीनं घरून लिंबाच्या सरबताचा घट्ट पाक आणला होता, तो विटकरी झाला. साखरच आहे ना ती? खाली जाऊन आईला विचारलं तर तिनं पाक उकळताना लिंबू पिळलं होतं, साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून. आंबट पाण्यात उकळताना साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पडतात. आई हे वर्षानुवर्षं करते आहे. त्या दिवशी मैत्रीण आईला वर घेऊन आली आणि नळी दाखवली.

२२ मे

यीस्ट. साखर खाऊन ते वायू सोडतं, बाटलीच्या तोंडावर लावलेला फुगा त्यानं फुगतो. कोमट पाणी म्हणून गच्चीच्या टाकीचं पाणी नळातून घेतलं. दोन तास झाले तरी बाटलीवरचा फुगा लुळाच. तापमापक घातला तर नळाला ५३ अंश. यीस्ट मेलं होतं. माठाचं आणि टाकीचं पाणी मिसळून ३८ वर आणलं, पाऊण तासात फुगा उभा राहिला. साखर न घातलेल्या बाटलीवरचा जेमतेम हलला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

२४ ते २६ मे

बटाट्याच्या फोडींचं वजन, साध्या आणि साखरेच्या पाण्यात पेशी पाणी आत घेतात की बाहेर सोडतात ते बघायला. मूळ बेत टरफल विरघळवलेल्या अंड्याचा होता, पण आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावरची माणसं अंडं घरात चालवून घेत नाहीत, आणि जिना एकच. बटाट्यानं तेच काम होतं.

स्वयंपाकाचा काटा १ ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, निरुपयोगी. सोनाराचा छोटा काटा घेतला, ३८० रुपये, ०.०१ ग्रॅमपर्यंत. पहिल्या दिवशी फोडी रात्रभर ठेवल्या. सकाळी आंबूस वास, सगळ्या बुळबुळीत, सगळ्यांचं वजन घटलेलं. या उकाड्यात दोन तासांच्या वर ठेवायच्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशीचे आकडे एकाच फोडीचे तीन वेळा वेगळे आले, कारण कुणी ती टिपून घेत होतं, कुणी नुसती झटकत होतं. ठरवलं : टिपकागदावर दोनदा लोळवायची, दाबायची नाही. मग जमलं. साध्या पाण्यात ३.१२ची ३.३४ झाली. १० टक्के साखरेत ३.१५ची ३.१४, म्हणजे जवळपास तशीच. २० टक्क्यांत ३.२०ची २.८१, हातात धरली की मान टाकते. बटाट्याच्या आतलं पाणी साधारण १० टक्के साखरेच्या द्रावणाइतकं 'दाट' आहे, हे मुलांनी आलेखावरून काढलं. लोणच्याला मीठ लावल्यावर कैरीला पाणी का सुटतं, याची चर्चा मग आपोआप रंगली. घरोघरी तेव्हा कैऱ्याच चिरल्या जात होत्या.

२९ मे

मासेवाल्याकडून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली होती, ती काल गच्चीवर बादलीत राहिली. पाणी तापून पानं उकडल्यासारखी झाली. आज नवीन जुडी, स्वयंपाकघरात, माठाशेजारी.

हिचं पान दोनच पेशींच्या जाडीचं असतं, कापावं लागत नाही. टोकाकडचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवलं, ४० पटीचं भिंग. हिरवे दाणे स्थिर. पाच मिनिटं काही नाही. मुलं कंटाळून उठली, लहानी बसून राहिली. दहा-बारा मिनिटांनी तिनं नुसतं "काकू" म्हटलं, आवाज न करता, जणू काही उडून जाईल.

हरितलवक चालत होते. पेशीच्या भिंतीला लागून एकामागे एक, रांगेनं, एका अंगानं वर, कोपऱ्यात वळून दुसऱ्या अंगानं खाली. एखादा मध्येच अडायचा, मागचे त्याला वळसा घालून पुढे जायचे. शेजारच्या पेशीत दिशा उलटी. एक दाणा पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला १६ सेकंद. लवक स्वतः पोहत नाहीत, त्यांना वाहून नेणारं पेशीद्रव्य चालतं असतं. पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत सगळं जागच्या जागी चिकटवलेलं असतं, म्हणून मुलांना पेशी म्हणजे सामान ठेवलेली खोली वाटते. आज ते पुसलं गेलं. दीड तास कुणी नेत्रभिंग सोडायला तयार नव्हतं.

थोरल्यानं विचारलं, यात रायबोसोम कुठे? पेशीतला प्रथिनं बनवणारा हा कण इतका लहान की साध्या उजेडाच्या सूक्ष्मदर्शकात कधीच दिसणार नाही. त्यावरून व्यंकटरामन रामकृष्णन यांची गोष्ट सांगितली. याच शहरात वाढले, इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, त्यांचे वडील इथेच जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. रायबोसोमची रचना अणूच्या पातळीवर उलगडली म्हणून २००९ साली थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भिंगानं नव्हे, रायबोसोमचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण टाकून. संध्याकाळी जुळे सायकलवरून विद्यापीठाच्या विज्ञान शाखेला चक्कर मारून आले.

२ जून

केळ्यातून डीएनए. गुजरातेत १९६०पासून दारूबंदी आहे, शुद्ध इथेनॉल घरगुती कामाला मिळत नाही, त्याची खटपटही करू नका. मी ७० टक्क्यांचं हात धुवायचं सॅनिटायझर वापरलं. अर्धं पिकलेलं केळं कुस्करून, पेलाभर पाणी, चमचाभर भांड्यांचा द्रव साबण, अर्धा चमचा मीठ. साबणानं पेशीचं आणि केंद्रकाचं स्निग्ध आवरण विरघळतं. मलमलीतून गाळून वरून सॅनिटायझर ओतलं. काहीच नाही, नुसता गढूळ पेला. त्यात आधीच ३० टक्के पाणी, शिवाय गाळलेलं पाणी, त्यामुळे अल्कोहोलचं प्रमाण डीएनए साकळण्याइतकं होतच नाही.

४ जून

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्याकडून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, अर्धा लिटर १९० रुपये. झटकन पेट घेतं. उदबत्ती, गॅस, सगळं बंद, आणि खिडक्या उघड्या. ओतताना हे फार गार असावं लागतं. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचं नव्हतं, म्हणून आइस्क्रीमच्या पॉटसारखं बर्फात मीठ घालून त्यात बंद बाटली उभी केली. पहिल्यांदा बाटली गच्चीवर नेईपर्यंत कोमट झाली आणि ओतल्यावर थर न होता मिसळून गेली. दुसऱ्यांदा सगळं स्वयंपाकघरातच केलं. पेला तिरपा धरून कडेनं, चमच्याच्या पाठीवरून सोडलं. दोन थरांच्या मध्ये पांढुरकं धुकं आलं आणि त्यातून बुडबुड्यांसकट एक लिबलिबीत गोळा वर चढला.

टाळ्या झाल्या. मी सांगितलं, हा सगळा डीएनए नाही. केळ्यात पेक्टिन भरपूर, तेही अल्कोहोलमध्ये असंच साकळतं. भिजवलेले वाटाणे वाटून तेच केलं तर गोळा लहान आला, पण धाग्यांचा.

आजवरचा खर्च, केळी-कांदे-बर्फ सोडून, ४,६७५ रुपये. यात पेरॉक्साइडची दुसरी बाटलीही धरली आहे. सूक्ष्मदर्शक उसना मिळाला तर १,९०० रुपयांच्या आत बसेल.

५ जून

शाळा जवळ आल्या, आज शेवटचा दिवस. मी आवराआवर करायला घेतली होती. लहानी दारावरच्या खडूच्या ओळीपाशी उभी राहून म्हणाली, "काकू, काल केळं न घालता केलंच नाही आपण."

खरंच केलं नव्हतं. पाणी, साबण, मीठ, गार आयसोप्रोपिल, एवढंच घेऊन पेला लावला. दोन थरांच्या मध्ये पांढुरकं धुकं आलं. काल ज्याला आम्ही सगळे बोट दाखवून डीएनए म्हणत होतो, अगदी तसंच. मुलं गप्प झाली. मग तिनं बांबूची काडी घेतली आणि धुक्यातून फिरवली. काडीला काही लागलं नाही. वाटाण्याच्या पेल्यात तीच काडी धुऊन फिरवली, तर बारीक ओले पांढरे धागे तिच्याभोवती गुंडाळले गेले, ओढले की ताणले जात होते.

दोन छोट्या बाटल्यांत आयसोप्रोपिल भरलं. एकीत धागे सोडले, दुसरीत काही नाही. बुचं घट्ट लावून तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर लिहिलं 'वाटाणा', दुसरीवर 'वाटाणा नाही'. भिंतीवरच्या कागदाच्या तिन्ही रकान्यांत 'डीएनए' हा एकच शब्द सारखा लिहून झाला, मग खोलीला कुलूप लावलं.